पाठक गुरुजींची दुपारची भुतं

“भुतांच्या गोष्टी लिहायचे ना, म्हणून गेले बघा कसे भर बारा वाजता.”

पाठक गुरुजींच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांतलीच कुणीतरी माझ्या पाठीमागे हलक्या आवाजात हे म्हणाली. दुसरीनं तिला गप्प केलं. मी वळून पाहिलं नाही. बोलणारीचा हेतू वाईट नव्हता, आणि वेळही तिनं बरोबर सांगितली होती. त्या दिवशी दम लागला म्हणून गुरुजी शाळेतून लवकर घरी आले, ओसरीवरच्या खांबाला टेकून बसले, आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, आतून पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझे वडील नेवाशाच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहेत. बोलावणं आलं तेव्हा ते धावत गेले आणि परत येताना चालत आले. त्यांच्या चालण्यावरूनच आईला आणि मला काय ते कळलं.

ओसरीवर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, की भुतांना भर दुपारी बारा वाजता आणलं ते गुरुजींनीच. इंग्रजी पुस्तकांत ती रात्री बाराला येत. नगरहून निघणाऱ्या मुलांच्या मासिकात गुरुजींच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना हे आठवत असेल. त्यांच्या गोष्टींत कधी रात्र नसे. ऊन असे, बंद दारं असत, झाडाखाली सावली अगदी बुंध्याशी आलेली असे, आणि कुठेतरी काहीतरी हलत असे. त्या गोष्टी तयार होत होत्या तेव्हा मी तिथे होते. म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहिण्याची सवय नाही, मराठीत तर नाहीच.

माझं शिक्षण पुण्याला आत्याकडे राहून इंग्रजी शाळेत झालं. मॅट्रिक झाले त्या वर्षी बेचाळीसच्या चळवळीमुळे कॉलेजं बंद पडली होती, आणि बाबांची बदली नेवाशाला झाली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर आले. पुढे पाहू, असं ठरलं. इथे माझ्याशी बोलायला फारसं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. डॉक्टरांच्या बंगल्यात आधीच्या कुणा डॉक्टरांनी मागे ठेवलेली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात इंग्रजी गोष्टींची पुस्तकं होती. बहुतेक सगळी भुताखेतांची, उदास, मोठ्या माणसांसाठी लिहिलेली. ती मी एकेक करून वाचत होते. गुरुजी दम्याच्या औषधासाठी यायचे. एकदा बाबा बाहेर गेले होते म्हणून ते व्हरांड्यात बसून राहिले, आणि मी खुर्चीत वाचत होते.

“काय वाचतेस?” त्यांनी विचारलं.

“भुतांची गोष्ट,” मी म्हटलं. माझी अपेक्षा होती की आता ते काहीतरी उपदेश करतील.

“चांगलं आहे का भूत?”

चांगलं म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, “त्यात एका माणसाला रोज कुणाचे तरी श्वास ऐकू येतात.”

“आणि मग?”

“मग तो वेडा होतो.”

“बस? एवढंच?” ते जरा निराश झाल्यासारखे दिसले. मग म्हणाले, “मला सांगशील का सगळी? मला इंग्रजी येतं, पण कोश घेऊन बसावं लागतं. तेवढ्यात भूत निघून जातं.”

तिथून सुरुवात झाली. आठवड्यातून दोन दुपारी मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी जायची. काकू घरात असत म्हणून आईची हरकत नव्हती. मी ओसरीवर बसून एकेक वाक्य इंग्रजीत वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे. माझं मराठी तेव्हा फार विचित्र होतं. एका गोष्टीत मोठ्या घरातला ‘बटलर’ मेणबत्ती घेऊन जिन्यावरून फिरतो, त्याला मी ‘वाढपी’ म्हटलं होतं. गुरुजींनी डोळे उघडले. “वाढपी जेवणं झाल्यावर दिवा घेऊन कशाला फिरतोय?” आतून काकू म्हणाल्या, “ताटं मोजत असेल. लग्नघर असेल ते.” पुढे त्या गोष्टीचं लग्नघरच झालं. मांडव उतरल्यावर भर दुपारी रिकाम्या माजघरात पंगतीची पानं मांडल्याचा आवाज येतो, अशी ती गोष्ट छापून आली, आणि नगर जिल्ह्यात ती पुष्कळ मुलांना आवडली म्हणतात. मूळ इंग्रजी लेखकाला ती ओळखूही आली नसती.

काकूंना ही कामगिरी पसंत नव्हती. भीतीचा भाग आला की त्या सूप घेऊन आत जात आणि आतून विचारत, “मेलं का ते?” “ते आधीच मेलेलं आहे,” गुरुजी सांगत. “मग आता काय उरलंय त्याचं?” असं म्हणून त्या पुन्हा बाहेर येऊन बसत. आम्ही थांबलो तर, “पुढं वाच ना गं, का थांबलीस?” असंही म्हणत.

नुसत्या भाषांतरावर गुरुजी थांबत नसत. त्यांची एक पद्धत होती, आणि मी ती दुसऱ्या कुणाजवळ पाहिली नाही. शनिवारी शाळा सकाळची असे. सुटायच्या आधी ते वर्गाला गोष्ट सांगत, तोंडी, कागद न घेता, आणि सांगताना मुलांकडे बघत. पुष्कळदा मी मागच्या दाराशी उभी राहून ऐकलं आहे. एखादं मूल शेजारच्याला खेटून बसलं की गुरुजींचा आवाज आणखी खाली जाई. मूल मध्येच काही विचारू लागलं तर ते थांबून त्याचं ऐकत. पण एखादं मूल अगदी गप्प होऊन जमिनीकडे बघायला लागलं, तर ते भूत तिथल्या तिथे सोडून देत आणि गोष्टीत कुणाला तरी काम लावत. कुणी विहिरीवर जाई, कुणी वासरू सोडी, कुणी दाराला अडणा घाली. घरी आल्यावर मला विचारत, “आज कुठं गप्प झाली पोरं, पाहिलंस?” मी सांगितलं की तेवढा भाग बदलला जाई. भूत ते कधी काढत नसत. भुतापुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र रिकाम्या हातानं उभं राहू देत नसत.

“इंग्रजी गोष्टीत बघ,” ते एकदा म्हणाले, “भूत आलं की माणूस नुसता बघत बसतो. मोठ्यांना ते आवडतं. आपल्याला काही करता येण्यासारखं नाही, हे ऐकून मोठ्या माणसाला बरं वाटतं. मुलाला नाही वाटत. मूल विचारतं, त्याला पाहिजे काय?”

हे त्यांना मुलांनीच शिकवलं असावं. वर्गात एका मुलानं विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे. “गुरुजी, त्या भुताला भूक लागत न्हाई का?” सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. पुढच्या अंकात त्या गोष्टीतलं भूत शिळी भाकरी मागत आलं.

तक्रारी येत. एक दिवस एका मुलाचा बाप घरी आला. मळ्यातला माणूस, पटका बांधलेला. ओसरीच्या पायरीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमी लई भ्या घालताय बगा पोरान्ला. आमचं पोरगं दुपारचं वड्याकडं जायला मागत न्हाई.”

“अजिबात जात नाही?”

“येकटं जात न्हाई. शेजारच्या पोराला घिऊन जातंय.”

“त्या शेजाऱ्याशी तुमचं बांधावरून वाकडं होतं ना?”

“हाय वाकडं,” तो म्हणाला. “पन पोरं जात्यात संगं. आता काय करावं?”

“चहा घ्या,” गुरुजी म्हणाले.

हे मी गुरुजींचा मोठेपणा सांगायला लिहीत नाही. ते हट्टी होते, आणि स्वतःच्या गोष्टींवर खूश होणारे होते. छापून आलेली गोष्ट ते मला दोनदा वाचून दाखवत, जणू काही मी ती कधी ऐकलीच नव्हती. माझं नाव मासिकात घालावं असं त्यांच्या कधी मनात आलं नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही. मला नाव नकोच होतं. पण त्यांच्या मनात आलं नाही, हे मी पाहिलं होतं.

मासिकाचे संपादक जोगळेकर म्हणून आहेत. ते नगरहून महिन्या-दोन महिन्यांनी मोटारीनं येत. सभ्य, मृदू बोलणारे गृहस्थ. लढाईमुळे कागद मिळेना, पानं कमी झालेली, आणि जी पानं उरली त्यांच्यावर पालकांचं लक्ष. कुणा मुलाला गोष्ट वाचून ताप आला, असं त्याच्या आईनं कळवलं होतं. जोगळेकर म्हणत, “गुरुजी, भीती दाखवा, पण शेवटी दिवा लावा. आवाज मांजराचा निघू दे. नाहीतर सगळं स्वप्न होतं असं करा. आधीच लोक वैतागलेत, रोजच्या पेपरात काय कमी भुतं आहेत?” त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही. गुरुजींना मात्र ते पटत नसे. “एकदा मांजर निघालं,” ते म्हणत, “की पोर पुढच्या वेळी घाबरलं तरी कुणाला सांगणार नाही. म्हणेल, मांजरच असेल. आणि समजा, नसलं तर?” जोगळेकर मान हलवत आणि गोष्ट जशी असेल तशी घेऊन जात. लिहिणारं दुसरं कुणी त्यांना मिळत नव्हतं.

शेवटची गोष्ट चंद्रीमुळे सुरू झाली. चंद्री गुरुजींच्या वर्गातली मुलगी. किरकोळ अंगाची, वेण्या घट्ट बांधलेली, फार न बोलणारी. तिचा बाप लढाईवर गेलेला होता. या पावसाळ्याच्या तोंडाला मामलेदार कचेरीत कागद आला की तो गेला. कसा, ते कुणाला नीट समजलं नाही; कागदावर दूरच्या एका गावाचं नुसतं नाव होतं. माणूस आला नाही, त्याचं सामान आलं नाही, कागद तेवढा आला. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. चंद्री दुसऱ्याच दिवशी शाळेत आली आणि मधल्या सुट्टीत गुरुजींना म्हणाली, नकाशात ते गाव दाखवा. गुरुजींनी नकाशा उलगडून दाखवलं. तिनं नेवाशावर एक बोट ठेवलं, तिकडे एक बोट ठेवलं, आणि मधल्या निळ्या रंगाकडे बघून विचारलं, “एवढं सगळं पानी हाय?”

हे मला गुरुजींनी त्याच दुपारी सांगितलं, आणि विचारलं, “तुझ्या पेटीत पाण्याची एखादी गोष्ट आहे का?”

होती. एका धुकट नदीवरच्या नावाड्याची. तो बुडून मरतो. त्यानंतर रोज संध्याकाळी पलीकडच्या काठावरून त्याच्या बायकोला त्याची हाक ऐकू येते, नाव आण म्हणून. शेजारीपाजारी तिला जाऊ देत नाहीत. एक दिवस ती नाव सोडते आणि एकटीच जाते. सकाळी रिकामी नाव सापडते. संपली गोष्ट. मी ती वाचून संपवली तेव्हा गुरुजींचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं, झोप लागली.

“जन्मभर लोकांना इकडून तिकडं नेलं,” ते म्हणाले, “आणि आता त्याला आणायला कुणी नाही...”

काकू आत गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “ही त्या पोरीच्या पुढं सांगणार? बरी रडवाल तिला.”

“ती रडतच नाहीये. तेच तर आहे.”

बायकोच्या जागी त्यांनी मुलगी आणली. धुकं काढलं, पावसानं उघडीप दिल्यावरची दुपार आणली. प्रवरेचं गढूळ पाणी, पलीकडचा काठ स्वच्छ दिसतोय, तिथे कुणीही नाही, आणि हाक येते, “नाव आणाऽऽ”. इथपर्यंत गोष्ट त्यांनी भराभर लिहिली. मग ते अडले. मी त्यांना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मुलगी नदीत जाऊन बुडते, हे शक्यच नव्हतं. “मोठ्या माणसाला कधी कधी बुडावंसं वाटतं, म्हणून त्याला ती बाई कळते,” ते म्हणाले. “हिला कशाला बुडायचंय? हिला बाप घरी हवाय.” ती कान झाकून घेते आणि हाक हळूहळू थांबते, असं त्यांनी एकदा लिहिलं आणि फाडलं. हाक म्हणजे पलीकडच्या दरडीवरून आलेला पडसाद, असंही करून पाहिलं. मला वाचून दाखवता दाखवताच त्यांनी तोंड वाकडं केलं.

“तू सांग,” ते मला म्हणाले. “हाक ऐकून ती पोर काय करील?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही.”

“नीट विचार करून सांग. तू एवढ्या गोष्टी वाचल्यास.”

मी विचार केला, आणि मला खरोखरच काही सुचलं नाही. शाळेत बाई प्रश्न विचारत तेव्हा मी खाली बघत असे, तशी खाली बघत राहिले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “राहू दे. सुचेल कुणाला तरी.” निघताना पुन्हा एकदा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

शेवट सुचलेला नसतानाच त्यांनी त्या शनिवारी वर्गात गोष्ट सांगायला घेतली. मी दाराशी होते. हाक आली तेव्हा वर्ग एकमेकांना खेटला. चंद्री मात्र सरळ बसली होती. गुरुजी थांबले, तेव्हा तिनं उभं राहून विचारलं, “तो खराच हाय का पल्याड?”

“खराच आहे,” गुरुजी म्हणाले.

“मंग तिनं आनला का त्याला?”

“पुढच्या शनिवारी सांगतो.”

तो शनिवार आलाच नाही. मधल्याच एका दुपारी ते गेले.

शाळेत शोकसभा ठेवली ती तेराव्यानंतर. मोठ्या वर्गात बाकं भिंतीला लावून गावातली मंडळी बसली, पुढे जमिनीवर मुलं. मामलेदार होते, हेडमास्तर होते, बायकांमध्ये काकू होत्या, आणि त्यांच्या शेजारी मी. जोगळेकर मुद्दाम नगरहून आले होते. ते चांगलं बोलले. ते सगळं मनापासूनचं होतं. मग म्हणाले, गुरुजींची शेवटची गोष्ट काकूंनी आपल्याकडे दिली आहे, ती पुढच्या अंकात पहिल्या पानावर येईल. गोष्ट अपुरी होती, तेव्हा शेवटाचे चार शब्द आपण लिहिले आहेत, गुरुजी क्षमा करतील. आणि त्यांनी ती वाचायला सुरुवात केली.

गुरुजींचीच वाक्यं होती, म्हणून सगळं पुन्हा उभं राहिलं. ऊन, गढूळ पाणी, मोकळा काठ. मुलं एकमेकांना खेटली. हाक आली. आणि जोगळेकरांनी वाचलं, “इतक्यात आईनं तिला हलवलं. अगं ऊठ, किती वेळ झोपलीस? तिनं डोळे चोळले. कुठली नदी आणि कुठली हाक! सगळं स्वप्नच होतं.” मोठ्या मंडळींत कुणीतरी सुस्कारा सोडला. काकू पदराला हात लावून समोर बघत होत्या.

चंद्री उभी राहिली होती.

“मंग हाक कोनाची हुती?”

लोक थोडे हसले. जोगळेकर प्रेमानं म्हणाले, “कुणाची नाही बाळ. स्वप्न होतं ते.”

“पन गुरुजी म्हन्ले हुते, तो खराच हाय.”

“चंद्रभागा, खाली बस,” हेडमास्तर म्हणाले.

“त्यान्ला इचारलं हुतं मी.”

“बस म्हटलं ना.”

ती बसली. आणि जमिनीकडे बघायला लागली. मला तिची मान दिसत होती, दोन वेण्यांच्या मधली. गुरुजी असते तर इथे त्यांनी कुणाला तरी कामाला लावलं असतं... शेजारची मुलगी तिच्या कानाशी काहीतरी बोलली, पण तिनं मान वर केली नाही. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि सभेत विचारतात तसं विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. असं विचारल्यावर कुणी बोलायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

मी उभी राहिले. बाबांनी पलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी काही मागायला किंवा बाहेर जायला उठले आहे असं त्यांना वाटलं असावं. काकूंनी माझं लुगडं ओढलं नाही, सोडवलंही नाही. ते त्यांच्या गुडघ्याखाली अडकलं होतं, आणि मी तशीच तिरकी उभी राहून बोलले.

“ते स्वप्न नव्हतं,” मी म्हटलं. “गुरुजींना स्वप्न नको होतं. शेवट त्यांना सुचला नव्हता. हा मी सांगतेय. हा त्यांचा नाही.”

जोगळेकर म्हणाले, “आपण...?” आणि थांबले. मग त्यांनी हातातले कागद खाली धरले.

मी चंद्रीच्या वेण्यांकडे बघून बोलत होते. “ती एकटी नाही गेली. आधी ती गावात गेली. ज्याच्या ज्याच्या विहिरीवर मोट होती, त्याच्याकडे तिनं नाडा, मोटेचा जाड दोर, मागितला.”

चंद्रीनं मान वळवली. “पावसाळ्यात मोट बंदच असती,” ती म्हणाली. “नाडं टांगल्यालं असत्यात. कुनीबी दील.”

“सगळ्यांनी दिले,” मी म्हटलं. “ते तिनं एकाला एक बांधले. एक टोक नावेला बांधलं, एक स्वतःच्या हातात ठेवलं, आणि नाव रिकामीच सोडली.”

“कोन वल्हवनार मंग?”

“कुणी नाही. त्याची नाव होती. ती त्याच्याकडं गेली.”

चंद्रीनं थोडा विचार केला आणि होकारानं मान हलवली. मुलं आता माझ्याकडे तोंड करून बसली होती. मागे मामलेदारांच्या खुर्चीचा आवाज झाला आणि थांबला.

“मग नाडा ताणला. तिला एकटीला ओढवेना, म्हणून काठावरच्या सगळ्यांनी हात लावला. नाव आली. आत कुणी दिसत नव्हतं. पण नाव पाण्यात खोल बसली होती, माणूस बसल्यावर बसते तशी. ते बघितलं आणि माणसं नाडा टाकून मागं सरली.”

“आन ती?”

“ती नाही सरली.”

“भ्याली का पन?”

“लई भ्याली,” मी म्हटलं. “तरी तिनं नाव काठाला लावली, धरून ठेवली, आणि म्हणाली, बा, उतर आता. घर हितंच हाय.”